त्याच्या बोटाचं माप

एखाद्या पुरुषाच्या बोटाचं माप त्याच्या नकळत घेणं किती अवघड असतं, ते स्वतः घ्यायला गेल्याशिवाय कळायचं नाही. बायकांचं सोपं असतं. एखादी जुनी अंगठी कपाटात असते, एखादी हात धुताना बेसिनवर राहते, बहीण असते, मैत्रीण असते. मला ज्याचं माप हवं होतं त्याच्या दहाही बोटांत मी कधी काही पाहिलं नव्हतं. ग्रहांची नाही, नवसाची नाही, साधी तांब्याचीसुद्धा नाही.

आम्ही दोघं विरारला एका क्लासमध्ये शिकवायचो. मी गणित, तो विज्ञान. नव्वदीचं दशक संपत आलं होतं, स्टेशनच्या पश्चिमेला बिल्डिंगमागून बिल्डिंग उभी राहत होती आणि प्रत्येक बिल्डिंगमधली दहावीची पोरं आमच्याकडे येत होती. मी आगाशीची. आमची केळीची आणि पानवेलीची वाडी, दारात सोनचाफा, घरात सोमवार सोडून रोज मासे. तो नाशिककडचा. वडील गेल्यावर आईला घेऊन विरारच्या फ्लॅटमध्ये आलेला. त्यांच्या घरात अंडंसुद्धा कधी शिरलं नव्हतं. मुलांसमोर मी त्याला सर म्हणायचे आणि तो मला मॅडम. मुलं घरी गेल्यावरही आमची ही सवय सुटत नव्हती.

मला तो हवा होता. उगाच आडवळणाने कशाला सांगू? समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता, आमच्या घरात तर नाहीच नाही. आमच्याकडे सगळे एकाच वेळी बोलतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं धरतात. मी त्याला आवडते याबद्दलही मला शंका नव्हती. शंका एवढीच होती की हे त्याच्या स्वतःच्या लक्षात यायला किती वर्षं लागतील. चहा घेणार का म्हणून विचारलं तरी हा माणूस विचार करायचा.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याला माझ्या डब्यातले तळलेले बोंबील खायला लावले होते. पहिल्या दिवशी त्याने एका बोंबलाकडे पेपर तपासायला घेतल्यासारखं पाहिलं, मग डोळे मिटून खाल्ला, आणि दुसऱ्या दिवसापासून माझा डबा उघडायची वाट पाहू लागला. आगाशीच्या बाजारात बसणारी अर्नाळ्याची मासेवाली मला एकदा म्हणालीच, "चार मानसांच्या घरात येवढं बोंबील कोन खातं गो?" मी म्हटलं, मीच खाते. तिने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि दोन बोंबील वर टाकले.

असंच चालू राहिलं असतं तर मलाही घाई नव्हती. पण दिवाळीनंतर एका दुपारी तो वह्या तपासता तपासता म्हणाला, "आई म्हणतेय, नाशिकला एक मुलगी आहे. तुळशीची लग्नं झाली की जाऊन बघून यायचं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, बघू."

त्याचं ते बघू मला चांगलं ठाऊक होतं. त्या एका बघूवर तो बोहल्यावर चढला असता, आणि अंतरपाट दूर झाल्यावर म्हणाला असता, अरे, झालं का. घरी जाईपर्यंत, एस.टी.तल्या एस.टी.त, मी ठरवून टाकलं. त्याने विचारायची वाट बघण्यात अर्थ नव्हता. मीच विचारणार होते, आणि तेही हातात अंगठी घेऊन. नुसतं तोंडाने विचारलं असतं तर तो विचार करत बसला असता. बोटात अंगठी गेली की निदान ती काढायला तरी त्याला काही करावं लागलं असतं. शिवाय यात जगावेगळं काय होतं? साखरपुड्यात मुलीकडचे मुलाला अंगठी घालतातच. मी फक्त मधली शंभर माणसं आणि त्यांचे पेढे गाळले होते.

आगाशीत सोनार होता, पण तो माझ्या वडिलांबरोबर रोज देवळात भेटायचा. त्याच्याकडे पुरुषाची अंगठी सांगायची म्हणजे मी घरी पोचायच्या आधी बातमी ओटीवर चहा पीत बसली असती. माझ्या घरच्यांचं मी नंतर बघून घेणार होते. म्हणून मी वसईच्या बाजारातला एक अनोळखी सोनार गाठला. त्याने पहिलाच प्रश्न केला, "माप?"

मी गणिताची बाई. परिघाला पायने भागलं की व्यास मिळतो हे मी रोज ओरडून शिकवत होते. परीघ आणायचा कुठून, हे पुस्तकात नव्हतं.

मग मला नळ्यांची आठवण झाली. पिवळ्या, तळलेल्या, पोकळ नळ्या. दुकानात पिशव्यांच्या माळा टांगलेल्या असतात आणि पोरं त्या पाची बोटांत घालून एकेक खातात. आपल्याकडे नळ्या बोटात न घालता खाल्लेला माणूस मला तरी भेटलेला नाही. मी एक पुडा नेला आणि टेबलावर फोडला. अपेक्षेप्रमाणे सर बोलता बोलता बोटांत नळ्या चढवू लागले. अंगठ्यात गेली नाही, करंगळीत सैल झाली, आणि अंगठी घालायच्या बोटात एक अशी काही बसली की जणू सोनाराने घडवलेली.

"ती मला द्या," मी म्हटलं.

"पुड्यात आहेत की अजून."

"मला तीच पाहिजे."

त्याने ती काळजीपूर्वक काढून माझ्या हातावर ठेवली. मी ती न खाता डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. तो माझ्याकडे बघत राहिला, पण विचारलं काही नाही. दुसऱ्याला अवघड वाटेल असं काही तो विचारायचाच नाही, आणि त्याचा हा गुण त्या दिवशी माझ्या फार उपयोगाला आला.

दुसऱ्या दिवशी मी डबा मांडीवर धरून बसने वसईला गेले. मी समुद्रकाठी जन्मले, वाढले. उघड्यावर राहिलेला पापड आमच्याकडे तासाभरात सादळतो हे मला जन्मापासून ठाऊक. तरीही मी ती नळी रात्रभर एका स्टीलच्या डब्यात ठेवली होती, आणि त्या डब्यात त्याच दुपारपर्यंत पोळी होती. सोनाराने झाकण उघडलं, नळी चिमटीत धरली, आणि ती ओल्या कागदासारखी मान टाकून पडली. तरी बिचाऱ्याने प्रयत्न केला. अंगठ्या मापायची त्याची निमुळती दांडी असते, तिच्यावर त्याने नळी चढवली. ती खालपर्यंत घसरत गेली. कोणत्याही मापाला ती नाही म्हणत नव्हती.

"ताई," सोनार म्हणाला, "हे बोट आहे की मुसळ?"

मी नळी उचलून तोंडात टाकली आणि बाहेर पडले. पुरावा नष्ट केला एवढंच समाधान. परत येताना मला स्वतःचा इतका राग आला होता की बसमध्ये कंडक्टरशी मी उगीचच भांडले.

त्यानंतर एक दिवस सरांची आईच क्लासवर आली. बारीक चणीची, पांढऱ्या केसांची, फार मोजकं बोलणारी बाई. मी त्यांना काकू म्हणायचे. त्यांच्याकडे शुक्रवारी सत्यनारायण होता आणि त्यांना केळीचे खांब, विड्याची पानं, फुलं, तुळस असं सगळं आमच्या वाडीतून हवं होतं. "रविवारी नाशिकला निघायचंय," त्या म्हणाल्या. "शुभकार्याची सुरुवात आहे, त्याआधी एक पूजा करून घेते."

म्हणजे मला नको असलेलं लग्न जमावं म्हणून जी पूजा होती, तिची केळी मीच पुरवायची होती. मी म्हटलं, आणते काकू. मनात म्हटलं, चांगल्या घडांची आणते.

शुक्रवारी रिक्षातून केळीचे खांब बाहेर डोकावत होते आणि मांडीवर फुलांची करंडी होती, अशी मी त्यांच्या बिल्डिंगखाली उतरले. खाली पाण्याचा टँकर लागला होता. दुसऱ्या मजल्यावर चौरंग मांडलेला, शेजारच्या दोन बायका, भटजी, आणि सोवळं नेसलेले सर. वडील नसल्यामुळे पूजेला तेच बसले होते. सोवळ्यात ते मला अगदीच असहाय दिसले. मी आत जाऊन शिरा ढवळू लागले आणि दारातून पूजा बघू लागले.

आणि भटजींनी दर्भाच्या दोन काड्या घेतल्या, पिळल्या, त्यांची गोल कडी केली, गाठ मारली, आणि ते पवित्रक सरांच्या उजव्या हाताच्या अनामिकेत घातलं. बरोब्बर त्याच बोटात. ज्या मापासाठी मी नळी खाऊन बसले होते, ते माप भटजींनी माझ्या डोळ्यांसमोर मंत्र म्हणत घेतलं होतं. शिरा खाली लागला तो मला वासाने कळला.

पुढची सगळी पूजा मी त्या बोटाकडे बघत काढली. शेजारणीला वाटलं असावं, मुलगी किती भाविक आहे. कथा झाली, आरती झाली. भटजींना पुढे आणखी एक पूजा होती म्हणून त्यांनी लगेच अक्षता टाकून विसर्जनही उरकलं. मी हात पुसत पुढे झाले. पवित्रक काढून ठेवलं की ते उचलायचं आणि पदराला बांधायचं, एवढंच काम उरलं होतं.

"पवित्रक काढा," भटजी म्हणाले. "गाठ सोडा आणि ताम्हनात टाका."

गाठ सोडा. हे मला ठाऊकच नव्हतं. सांगितलेलं काम अर्धवट करायची सवय नसलेल्या माझ्या सरांनी ती गाठ नखाने सोडवली, काड्या मोकळ्या केल्या, वर त्यांवरून बोट फिरवून त्या सरळही केल्या आणि ताम्हनात ठेवल्या. लगेच त्यांवर तुळस, झेंडू, अक्षता, सगळं येऊन पडलं. भटजी त्यांना म्हणाले, "पुढच्या पूजेला जोडीने बसा." शेजारणी हसल्या. मला त्यांचं हसणं मुळीच आवडलं नाही.

पण दर्भ ताठ असतो. गाठीच्या जागी तो दुमडतो आणि ती दुमड सहजासहजी जात नाही. दोन दुमडींमधलं अंतर म्हणजेच परीघ. मी लगेच म्हटलं, "काकू, निर्माल्य मी नेते. वाडीत केळीच्या बुंध्याशी घालते." काकूंना बरंच वाटलं. भटजी आणि शेजारणी गेल्यावर त्यांनी सगळं पिशवीत भरून दिलं.

घरापर्यंत थांबायचं होतं. पण मला धीर निघाला तर ती मी कसली? जिना अर्धा उतरले, पहिल्या मजल्यावरच्या वळणावर वर्तमानपत्र पसरलं आणि पिशवी उलटी केली. झेंडू बाजूला, तुळस बाजूला, असं मी निवडत होते, तेवढ्यात वरून काकू आल्या. हातात शिऱ्याचा डबा होता. तो मी विसरले होते.

"अगं, काय झालं?"

"कानातलं पडलं," मी म्हटलं. सुचलं तेच.

काकू लगेच खाली बसल्या. साठीची बाई, सकाळपासून उपाशी, गुडघे धरून बसली आणि एकेक पाकळी उलटून बघू लागली. मध्ये दर्भाच्या काड्या आल्या, त्या त्यांनी कचरा म्हणून बाजूला टाकल्या. मी हळूच हाताखाली घेतल्या. मग त्यांनी मान वर केली, माझ्या एका कानाकडे पाहिलं, दुसऱ्या कानाकडे पाहिलं.

"दोन्ही तर आहेत."

खाली टँकरच्या पाइपमधून टाकीत पाणी पडल्याचा आवाज येत होता.

"हातात काय आहे?"

"दर्भ."

"दर्भ कशाला?"

आता खोटं बोलण्यात काही राहिलं नव्हतं. "सरांच्या बोटाचं माप आहे त्यात. मला अंगठी करायची आहे."

काकू पायरीवर नीट टेकून बसल्या. "त्याला माहीत आहे?"

"नाही. माप मिळालं की विचारणार होते."

"पूजा कशासाठी आहे ते तुला माहीत होतं."

"हो."

"तरी केळीचे खांब तूच आणलेस."

"हो. पण देवाला मी माझं वेगळं सांगितलं होतं."

त्यांच्या तोंडावर काही हललं नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्यात मासे असतात. तू त्याला खायला घालशील."

मी खाली बघितलं. बायकांना अशी गप्प बसलेली उत्तरं फार पटकन ऐकू येतात.

"घातलेस?"

"बोंबील," मी म्हटलं. "आणि एकदा कोलंबी."

"मग मी देते तो डबा? तो तर रोज रिकामा येतो."

"तो मी खाते."

"काल कारल्याची भाजी होती."

"कारल्याची तुमची सगळ्यात छान होते. आमच्याकडे कारलं कुणाला करता येत नाही, नुसती गूळ-चिंच ओततात."

काकूंनी शिऱ्याच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं. मग म्हणाल्या, "कारलं ह्याचे वडील खायचे. हा कधीच खात नव्हता. या वर्षी खायला लागला म्हणून मी दर आठवड्याला करत होते." एवढं बोलून त्या उठल्या, शिऱ्याचा डबा माझ्याजवळ ठेवला आणि कठडा धरून वर गेल्या. दार बंद झाल्याचा आवाज आला.

मला वाटलं, संपलं. रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. सगळं जग मला जमतं असं समजणारी मी, एका म्हाताऱ्या बाईच्या आनंदावर बसून तिची भाजी खात होते. रविवारी ती त्याला नाशिकला नेणार, तो बघू म्हणणार, आणि सोमवारी क्लासमध्ये येऊन मला पेढा देणार. मी निर्माल्य पिशवीत भरलं आणि हातातला दर्भही चुरगळून त्यातच टाकला.

वर दार उघडलं. सर सोवळ्यातच खाली आले, अनवाणी.

"आई म्हणाली, मॅडम जिन्यात बसल्यात, जाऊन बघ. काही हरवलं का?"

माझ्याकडे अंगठी नव्हती, माप नव्हतं, आणि नाक वाहत होतं. मी ठरवलं होतं त्यातलं काहीच जागेवर नव्हतं. मी म्हटलं, "सर, माझ्याशी लग्न कराल का?"

तो विचार करू लागला. त्याला विचार करताना मी पुष्कळदा पाहिलं होतं, पण त्या वेळी मला वाटलं, हा माणूस विचार करता करता मी इथेच मरून जाईन. तो त्याच्या आईने सोडलेल्या पायरीवर बसला.

"नाशिकला त्या मुलीशी काय बोलायचं, याचा मी महिनाभर विचार करतोय," तो म्हणाला. "तुमच्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ सुचतं. दुसरं काही सुचतच नाही. ते काही बरं दिसलं नसतं."

"म्हणजे हो का?"

"हो," तो म्हणाला. मग पुन्हा एकदा म्हणाला, जरा मोठ्याने, "हो तर."

"मग हात द्या इकडे."

का म्हणून न विचारता त्याने उजवा हात पुढे केला. बोट हळद-कुंकवाने लाल-पिवळं झालं होतं. मी माझ्या केसांतला गजरा ओढून काढला, कळ्या बाजूला सारल्या आणि त्याचा दोरा त्या बोटाभोवती गुंडाळायला लागले. गाठ बसेना, कारण मी रडत पण होते आणि हसत पण होते. तो हात अगदी स्थिर धरून बसला होता.

वरून पुन्हा दाराचा आवाज आला, मग कुलपाचा. काकू खाली येत होत्या. बाहेरची साडी, पायात चपला, काखेत पर्स. आम्ही दोघं जिना अडवून बसलो होतो, दोऱ्याने एकमेकांना बांधल्यासारखे. त्यांनी त्या दोऱ्याकडे पाहिलं, माझ्या नाकाकडे पाहिलं.

"सरका जरा, मला जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "एस.टी.डी. बूथवर जाते. नाशिकला फोन करून येत नाही म्हणून कळवायला हवं. ते लोक रविवारचा स्वयंपाक मांडून बसतील."

आम्ही भिंतीला चिकटलो. त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि वळल्या.

"आणि उजव्याचं काय घेतेस? उजव्या हाताने जेवतो तो. डाव्याचं घे."

त्या खाली गेल्या. मी उजवा हात सोडला आणि डावा धरला.